शिकारीचे मांस, सरकारी मालमत्ता आणि प्रथिनांचा प्रश्न

जबलपूर शहराच्या गोरखपूर भागात (उत्तर प्रदेशातील गोरखपूरशी याचा नावापलीकडे काही संबंध नाही, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवतो) बाजारातून ग्वारीघाटाकडे जाताना एका कोंबडीविक्रेत्याची पाटी दिसते. तिच्यावर हिंदीत लिहिले आहे : 'कड़कनाथ मिलेगा, बटेर मिलेगा. प्रोटीन भरपूर, चर्बी ना के बराबर.' वयाची पन्नाशी ओलांडल्यावर प्रत्येक सरकारी अधिकाऱ्याला वैद्यकीय तपासणीत जे सांगितले जाते तेच मला नुकतेच सांगितले गेले होते : भात कमी करा, प्रथिने वाढवा. त्यामुळे ती पाटी मी जरा थांबून वाचली. त्याच आठवड्यात न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने तिथल्या दुकानातील हरणाच्या मांसाच्या पाकिटाचे छायाचित्र पाठवले आणि सोबत विचारले, "मामा, तुम्ही तर कान्ह्याच्या दारात राहता. तुमच्याकडे हे मिळत नाही का?"

प्रश्न निरागस होता. त्याचे एका ओळीतले उत्तर 'मिळाले तर मी तुरुंगात जाईन' असे आहे. परंतु त्या एका ओळीमागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा प्रशासकीय इतिहास आहे आणि त्याचा बराचसा भाग याच परिसरात घडला. तो मांडण्याचा हा प्रयत्न.

या मुलुखाचा मराठी वाचकांशी असलेला संबंध थोडक्यात सांगतो. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतले, १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदेचे हे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर ते इंग्रजांकडे गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि तेव्हापासून १९५६ पर्यंत जबलपूरचा कारभार नागपुरातून चालला. जंगलात कोणी काय मारावे आणि बाजारात कोणी काय विकावे, याविषयीच्या प्रांतिक आज्ञा नागपूरच्या सचिवालयात लिहिल्या जात. आमच्या गोरखपूरजवळचे हाऊबाग हे अरुंद रुळांचे स्थानक त्या कारभाराची आठवण देणारे होते. तेथून छोटी गाडी नैनपूरमार्गे थेट गोंदियाला जाई आणि नैनपूरहून एक फाटा मंडल्याला. आता तो मार्ग रुंद झाला आणि हाऊबाग स्थानक इतिहासजमा झाले.

कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ मुलुखावरील ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या शिकारवाङ्मयातील तो एक प्रमुख ग्रंथ. ही पुस्तके वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. साहेबाच्या दृष्टीने शिकार म्हणजे शिंगे, कातडे आणि मोजमाप. मांस हा त्यातील दुय्यम भाग, तंबूतील जेवणाची सोय किंवा हाकाऱ्यांना द्यायची बक्षिसी. ज्याच्यासाठी मांस हेच शिकारीचे प्रयोजन होते तो माणूस या पुस्तकांत हाकारा किंवा वाटाड्या म्हणून येतो. तो गोंड असतो, बैगा असतो, कधी पारधी असतो. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात पारध्यांच्या फासांचे वर्णन आहे. तितर आणि लावे धरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

आता कायदा पाहू. वन्य पक्ष्यांच्या रक्षणासाठी केलेला देशातील पहिला सर्वसाधारण कायदा १८८७ चा. तो जंगलासाठी नव्हताच, तो बाजारासाठी होता. विणीच्या हंगामात नुकतेच मारलेले किंवा धरलेले रानपक्षी जवळ बाळगणे वा विकणे यावर बंदी घालणारे नियम करण्याचा अधिकार त्याने नगरपालिकांना आणि लष्करी छावण्यांना दिला. जबलपूर ही छावणी असल्यामुळे या कायद्याचा रोख कळायला येथे फार कल्पना करावी लागत नाही. छावणीच्या खाणावळीत लावे लागत, लावे पारधी आणत, आणि हंगामाबाहेरही आणत. जंगलात प्रत्येक फासामागे शिपाई ठेवता येत नाही, पण बाजारात ठेवता येतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा कायदा अत्यंत समंजस वाटतो. पुरवठा रोखता येत नसेल तर विक्रीच्या जागेवर लक्ष ठेवावे, हे तत्त्व त्यात आहे.

पुढे १९१२ मध्ये अधिक व्यापक कायदा आला. प्रांतिक सरकारने एखाद्या प्राण्यासाठी बंदीचा काळ जाहीर केला की त्या काळात त्याला मारणे, धरणे, विकणे आणि विकत घेणे हे सारेच गुन्हा ठरले. तोपर्यंत १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव जंगलातील शिकार, मासेमारी आणि फास लावणे नियमांच्या कक्षेत आणले होतेच. कागदावर हे नियम सर्वांना सारखे होते. व्यवहारात परवाना काढणे, शुल्क भरणे आणि बंदूक बाळगणे ज्याला शक्य होते त्याची शिकार 'खेळ' ठरली. फास, जाळे आणि बाण यांची शिकार 'चोरी' ठरली. बैगांची बेवर शेती १८९० मध्ये मंडला जिल्ह्यातील बैगा चक या मर्यादित क्षेत्रापुरती ठेवण्यात आली. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ मध्ये बैगांवर जो ग्रंथ लिहिला त्यात जंगल हातातून गेल्याची या लोकांची खंत पानोपानी आहे. शेतीही गेली आणि शिकारही गेली, तेव्हा थाळीतून नेमके काय गेले, याचा हिशेब मात्र कोणत्याही सरकारी अहवालात मला सापडलेला नाही. महसुलाचा हिशेब सापडतो, वनोपजाचा सापडतो, वाघ मारल्याच्या बक्षिसांचाही सापडतो.

स्वातंत्र्यानंतर चित्र सुधारले असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पीकसंरक्षणासाठी दिलेल्या बंदुका, लष्कराने मोडीत काढलेल्या जीपगाड्या आणि रात्रीचे प्रखर दिवे यांनी दोन दशकांत जे केले ते साहेबांना शंभर वर्षांत साधले नव्हते. कान्ह्याचे काही क्षेत्र १९३३ मध्ये अभयारण्य आणि १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले होते. तरीही १९७० मध्ये कठीण भूमीवरच्या बारशिंग्याची तेथील संख्या ६६ वर आली, आणि ही उपजात जगात दुसरीकडे कोठेही मुक्त अवस्थेत उरलेली नव्हती. येथे मला स्वतःच्याच सहानुभूतीला आवर घालावा लागतो. गोंडाच्या थाळीचा प्रश्न खरा आहे, पण मालक नसलेल्या साधनसंपत्तीवर सर्वांना मोकळीक दिली की काय उरते, त्याचे उत्तरही ६६ हा आकडा देतो.

त्यानंतर १९७२ चा वन्य जीव (संरक्षण) अधिनियम आला. या अधिनियमाने पहिल्याच दिवशी सर्व शिकार बंद केली असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. मूळ अधिनियमात विशेष शिकार, मोठी शिकार आणि छोटी शिकार असे परवान्यांचे वर्ग होते. ससा, तितर, लावा हे छोट्या शिकारीत मोडत. म्हणजे कागदोपत्री का होईना, परवानाधारक नागरिकाला काही जाती मारण्याची वाट शिल्लक होती. ती वाट १९९१ च्या सुधारणेने बंद झाली. आता शिकार केवळ अपवाद म्हणून आणि अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच होऊ शकते. मारलेला प्राणी, त्याचे कातडे, शिंगे आणि मांस ही राज्य सरकारची मालमत्ता होते. २०२२ च्या सुधारणेने अनुसूचींची संख्या घटवली. रानडुक्कर आणि नीलगाय (विदर्भातील वाचकांच्या भाषेत रोही) यांना दुसऱ्या अनुसूचीत घातले. परंतु मालमत्तेचे हे तत्त्व तसेच राहिले.

अमेरिकेत याच प्रश्नाची उकल वेगळ्या रीतीने झाली. बाजारासाठी होणाऱ्या शिकारीने तेथील प्रवासी कबुतर नामशेष केले. त्या जातीतील शेवटची मादी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा आंतरराज्य व्यापार रोखला आणि हळूहळू असा दंडक बसला की परवानाधारकाने शिकार करावी, घरी नेऊन खावी, पण विकू नये. तेथील दुकानात जे हरणाचे मांस दिसते ते पाळीव कळपाचे असते. न्यूझीलंडची कथा आणखी निराळी. युरोपीय वसाहतकारांनी लाल हरीण शिकारीसाठी तेथे नेले, ते उदंड वाढून उपद्रवी ठरले, सरकारने ते मारण्यासाठी पगारी शिकारी नेमले आणि शेवटी १९६९ मध्ये त्याच हरणाची शेती करण्यास परवाने दिले. माझ्या भाच्याच्या पाकिटातील मांस त्या निर्णयाचे फळ आहे. तो 'रानातले' म्हणून जे खातो ते कुंपणातले आहे, हे मी त्याला कळवले. त्याचा थोडा हिरमोड झाला असावा.

आपल्याकडे १९७२ चा कायदा होत असताना जगात प्रथिनांविषयी एक मोठाच गहजब चालू होता. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका सल्लागार समितीने येऊ घातलेल्या प्रथिनसंकटाचा इशारा दिला. माशांची भुकटी, खनिज तेलावर वाढवलेले सूक्ष्मजीव, आफ्रिकेतील हरणांचे कळप पाळून त्यांचे मांस, अशा नाना योजना त्या दशकात मांडल्या गेल्या. या गहजबाला सांख्यिकीच्या बळावर आव्हान देणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे रोममधील अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे अनेक वर्षे प्रमुख होते. भारतीय आहाराची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवले की ज्याच्या पोटात धान्य आणि डाळ पुरेशी जाते त्याला सहसा प्रथिने कमी पडत नाहीत. ज्याला प्रथिने कमी पडतात त्याला मुळात अन्नच कमी पडत असते. उष्मांक अपुरे असले की शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. त्या इशाऱ्यानंतर सहा वर्षांनी, १९७४ मध्ये, डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी 'लॅन्सेट'मधील लेखात या सगळ्या प्रकरणाला प्रथिनांची महान फजिती ठरवले.

एम.ए.च्या वर्गात आम्ही सुखात्मे वाचले ते वि. म. दांडेकर यांच्याशी झालेल्या त्यांच्या वादामुळे. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा उष्मांकांवर आखली. माणसाची गरज दिवसागणिक बदलते, सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी नसतो, असे सुखात्मे म्हणत. दांडेकरांना यात गरिबांची संख्या कमी करून दाखवण्याचा धोका दिसे. दोघेही पुण्याचे, दोघेही हट्टी. मी त्या वयात दांडेकरांच्या बाजूचा होतो, आणि उपासमारीच्या मोजणीबाबत अजूनही आहे. प्रथिनांच्या बाबतीत मात्र सुखात्मे बरोबर होते, एवढे पुढच्या संशोधनाची भर घालून म्हणता येते : केवळ धान्यावर भागवणाऱ्या लहान मुलाला आणि गर्भवतीला प्रथिनांचा दर्जा कमी पडतो, तेथे डाळ, दूध किंवा अंडे लागतेच.

या संकटवादाचा एक अंकुर जबलपुरात रुजला. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या येथील जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनचे काम हाती घेतले. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने. गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिने जावीत ही त्यामागची कल्पना. या विद्यापीठाच्या परिवारात तयार झालेला जे. एस. ३३५ हा वाण मराठवाड्यातील आणि विदर्भातील शेतकऱ्याला नावाने ठाऊक आहे. पीक उदंड झाले. परंतु तेल कारखान्यात गेले आणि पेंड निर्यातीला व कोंबडीखाद्याला गेली. गोंडाच्या ताटात सोयाबीन आले नाही. गोरखपूरच्या बाजारातील कोंबडीच्या पोटात मात्र ते आहे. एका अर्थाने त्या पाटीवरील 'प्रोटीन'चा उगम याच शहरात, अधारतालच्या प्रयोगशेतात आहे.

आता कडकनाथ आणि बटेर. झाबुआ, अलिराजपूर आणि धार या भिल्लांच्या मुलुखातील कडकनाथ ही कोंबडी हाडामांसापर्यंत काळी असते. झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जाहिरातीत तिच्या मांसात २५ टक्के प्रथिने असल्याचे सांगतात. साध्या कोंबडीत ती २० टक्क्यांच्या आसपास असतात. जाहिरातीचा आकडा खरा धरला तरी शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅमांचा फरक पडतो, तो मूठभर मसुरीने भरून निघतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. माझ्या ७२ किलोंना ६० ग्रॅम. एवढ्यासाठी काळ्या कोंबडीची किंवा रानातल्या सावजाची गरज नाही. चवीसाठी कोणी घेत असेल तर घ्यावी, चव ही खरीच चांगली असते.

बटेर म्हणजे येथे जपानी लावा. तो १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगर येथे आणला गेला. पाच-सहा आठवड्यांत विक्रीयोग्य होणारा, पिंजऱ्यात वाढणारा हा पक्षी. परंतु त्याचे नाव आणि रूप रानलाव्याशी जुळत असल्याने २०११ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने त्याच्या पालनाच्या नव्या परवान्यांवर निर्बंध आणले. पशुसंवर्धन खात्याने ज्याचा सदतीस वर्षे प्रसार केला तो पक्षी वन्य आहे की पाळीव, हे ठरवायला दोन मंत्रालयांत पत्रव्यवहार व्हावा लागला. पुढे निर्बंध उठले. आमच्या सेवेतील मंडळींना यात हसण्यासारखे काही वाटणार नाही.

जे हसण्यासारखे नाही ते वेगळेच. तमिळनाडूत २०१२ मध्ये ईमू पालनाच्या योजना कोसळल्या. 'आम्ही पक्षी देतो, खाद्य देतो, वाढलेला पक्षी हमीभावाने परत घेतो' असे आश्वासन देणारे गायब झाले आणि कोणालाच नको असलेले उंच पक्षी शेतकऱ्यांच्या अंगणात उपाशी उभे राहिले. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरकडून कडकनाथाच्या बाबतीत हीच कथा जशीच्या तशी घडली. अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी कर्ज काढून पैसे भरले होते. दोन्ही वेळा विक्रीचा पाया एकच होता : चरबीविरहित, अपूर्व, आरोग्यदायी मांस. नव्या पक्ष्याला गिऱ्हाईक किती आहे, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण आधीच्या शेतकऱ्याला मिळणारा पैसा हा मांसाच्या विक्रीतून येत नव्हता, तो नंतरच्या शेतकऱ्याच्या ठेवीतून येत होता.

काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त मंडला जिल्ह्यातील एका गावी मी मुक्कामाला होतो. सकाळी एका वृद्ध गोंड शेतकऱ्याने मला आपला मका दाखवला. रानडुकरांनी रात्रीतून अर्धे शेत लोळवले होते. भरपाईचा अर्ज कसा करावा हे मी त्याला समजावून सांगू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहब, सूअर हमारा मक्का खाए तो सरकार अर्जी लेती है. हम सूअर खाएँ तो सरकार हमको लेती है." मी त्याला अधिनियमातील तरतूद सांगितली की उपद्रवी प्राणी मारण्याचा आदेश मिळू शकतो. "और मांस?" त्याने विचारले. ते सरकारी मालमत्ता असते, त्याची विल्हेवाट नियमानुसार लावतात, असे मी म्हणालो. विल्हेवाट म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. पुरतात किंवा जाळतात.

या प्रश्नावर माझे मत अजून पक्के होत नाही. मांस खाण्याची मुभा दिली तर डुकराच्या नावाखाली चितळ मरेल, ही वनाधिकाऱ्यांची भीती पोकळ नाही. ६६ बारशिंगे मी विसरलेलो नाही. त्याच बारशिंग्यांची वाढ पुढे इतकी झाली की २०१५ पासून काही प्राणी सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेता आले, आणि हे कडक कायद्यानेच साधले. पण ज्या जिल्ह्यात मांस पुरले जाते त्याच मंडल्यात, अलिराजपूर आणि होशंगाबादसोबत, अंगणवाडीतील मुलांना अंडी देण्याचा प्रस्ताव २०१५ मध्ये राज्य शासनाकडे आला होता आणि तो नाकारला गेला. अंडे तर कोणाच्याही अनुसूचीत नाही. त्याला बारशिंग्याचे कारण सांगता येत नाही.

जबलपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची स्थापना १९४८ ची. २००९ पासून ते ज्या विद्यापीठाचा भाग आहे त्याला नानाजी देशमुखांचे नाव आहे. नानाजी मूळचे हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे. या विद्यापीठाने कडकनाथ आणि 'जबलपूर कलर' यांच्या संकरातून 'नर्मदा निधी' ही परसातील कोंबडी तयार केली. खेड्यातील घराच्या अंगणात उष्ट्या-खरकट्यावर आणि किड्यांवर वाढावी, अंडी द्यावीत, कोणाला ठेव भरावी लागू नये, अशी ती योजना. मला विचाराल तर प्रथिनांच्या दृष्टीने या शहराने केलेले हे सर्वांत शहाणपणाचे काम. याच विद्यापीठात वन्यजीवांच्या न्यायवैद्यक तपासणीचे केंद्र आहे. जप्त केलेले मांस बोकडाचे की चितळाचे, हे अशा ठिकाणी ठरते. शिजलेल्या मांसातूनही जात ओळखता येते. एकाच संस्थेतून आदिवासीच्या अंगणात कोंबडी जाते आणि त्याच्या हंडीतला तुकडा तिथेच तपासायला येतो.

गेल्या रविवारी मी त्या पाटीच्या दुकानात गेलो. बटेर जंगलचे का, असे मुद्दामच विचारले. दुकानदार दचकला. "नहीं साहब, फार्म का है. जंगल का बेचेंगे तो अंदर जाएँगे." त्याच्याकडून लाव्याची डझनभर अंडी घेतली, शेजारच्या वाण्याकडून अर्धा किलो मसूर घेतली आणि घरी आलो. अंडी मुलीला आवडली. एकेक अंडे दहा ग्रॅमांचे, सोलताना निम्मे हाताला चिकटते.